पोथीचे नाव कोण सांगते?

अमरावतीहून नागपूरकडे निघाले की शहराची वस्ती विरळ होता होता नांदगाव पेठ लागते. गावातल्या माणसाला आपसांत बोलताना ‘पेठ’ म्हणायची गरज पडत नाही, नुसते ‘नांदगाव’ पुरते. पण याच जिल्ह्यात नांदगाव खंडेश्वर आहे, ते तालुक्याचे ठिकाण, आणि तिथल्या माणसालाही नुसते ‘नांदगाव’ तेवढेच पुरते. तिसरे नांदगाव नाशिक जिल्ह्यात, मुंबई-भुसावळ लोहमार्गावर. लोकांनी यावर काढलेला तोडगा साधा आहे: एका गावाला बाजाराची खूण जोडली, दुसऱ्याला देवाची. ही जोड गावाच्या आत लागत नाही, वेशीबाहेर पडताना लागते. एसटीच्या पाटीवर, टपालाच्या पत्त्यावर, कचेरीतल्या कागदावर. एखादे नाव पुरेसे आहे की नाही, हे म्हणजे त्या नावाकडे पाहून ठरत नाही. ते कुणाला आणि किती लांबून सांगायचे आहे, त्यावर ठरते. आता समजा, एखाद्या जुन्या पोथीच्या पुष्पिकेत लेखनिकाने एवढेच लिहिले आहे की ही पोथी नांदगावी लिहून पुरी झाली. त्याच्या काळच्या वाचकाला ते पुरे होते. त्याच पोथीची छायाचित्रे आज संकेतस्थळावर चढली आणि लातूरच्या किंवा लंडनच्या वाचकाने ती उघडली, तर त्याला ते पुरणार नाही. मग ‘पेठ’ की ‘खंडेश्वर’ हे कुणी ठरवायचे, आणि कशाच्या बळावर?

वरवर पाहता हा ग्रंथपालाच्या टेबलावरचा प्रश्न आहे. मला तो मुळात ज्ञानाच्या प्रामाण्याचा प्रश्न वाटतो, आणि वऱ्हाडापुरता तर धर्माचाही. ग्रंथालये आपले संग्रह डिजिटल करतात तेव्हा प्रत्येक वस्तूसोबत एक नोंद जाते: शीर्षक काय, कर्ता कोण, काळ कोणता, भाषा कोणती, विषय कोणता, हक्क कुणाचे. माहितीबद्दलच्या या माहितीला मेटाडेटा म्हणतात. अनेक ठिकाणच्या नोंदी एकत्र शोधता याव्यात म्हणून सगळ्यांनी एकच मांडणी पाळायची, हे झाले सामायिक मानक. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हेन्रिएट अव्रम यांनी १९६०च्या दशकात यंत्राला वाचता येणारी ‘मार्क’ पद्धत घडवली. १९९५ मध्ये ओहायो राज्यातल्या डब्लिन गावी जमलेल्या मंडळींनी ‘डब्लिन कोअर’चा पाया घातला, त्याचे मूळ रकाने १५. आपल्याकडे खरगपूरच्या आयआयटीने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय निरनिराळ्या संस्थांच्या नोंदी अशाच एका छत्राखाली आणते. रकाने आखणे हे तंत्रज्ञाचे काम आहे, याबद्दल वाद नाही. पण रकान्यात जे लिहायचे ते खरे कशावरून, हे तंत्रज्ञ सांगू शकत नाही. माझे म्हणणे असे आहे की सामायिक मानकासाठी सगळ्यांनी एकाच नावावर एकमत करण्याची गरज नाही. प्रत्येक नावासोबत ते कुणी, कुठे, कशावरून सांगितले हेही लिहिले जावे, एवढीच शिस्त सगळ्यांनी पाळावी. ही शिस्त बाहेरून शिकून यायलाही नको. नांदगाव पेठेच्याच जिल्ह्यात, रिद्धपुरात, ती सातशे वर्षांपूर्वी पाळली गेली.

रिद्धपूर मोर्शी तालुक्यात. महानुभाव पंथाचे लोक त्याला आपली काशी मानतात. तेराव्या शतकात गोविंदप्रभू इथे वावरले, चक्रधरस्वामी त्यांच्या भेटीला इथे आले, आणि म्हाइंभटाने चक्रधरांच्या लीळा इथेच ‘लीळाचरित्रा’त एकत्र केल्या. पण हे गाव ग्रंथांत ऋद्धिपूर, बोलण्यात रितपूर आणि सरकारी पाटीवर रिद्धपूर. गोविंदप्रभूंनाच गुंडम राऊळ म्हणतात. म्हाइंभटाने लिहिलेले त्यांचे चरित्र कुणी ‘गोविंदप्रभुचरित्र’ म्हणून ओळखतो, कुणी ‘ऋद्धिपूरचरित्र’ म्हणून. वि. भि. कोलते यांनी ते पहिल्या नावाने संपादित केले. ॲन फेल्डहाउस यांच्या १९८४च्या इंग्रजी भाषांतराच्या शीर्षकात तर गोविंदप्रभू हे नावच नाही. रिद्धिपुरातली देवाची कृत्ये, अशा अर्थाचे ते शीर्षक आहे. चार ग्रंथालयांनी चार नावांनी नोंद केली, तर एकाचीही चूक नाही. शोधणाऱ्याच्या हाती मात्र चौघांपैकी एकच लागतो, आणि बाकी तीन प्रती जगात आहेत हे त्याला कळतच नाही. ‘लीळाचरित्र’, ‘लीलाचरित्र’, ‘लिळाचरित्र’ ही आपल्या डोळ्यांना एका ग्रंथाची तीन रूपे दिसतात. यंत्राला ते तीन वेगळे शब्द आहेत. मराठी साहित्य महामंडळाने १९६२ मध्ये शुद्धलेखनाचे नियम केले आणि उच्चारात नसलेले अनुस्वार गेले. त्याआधी छापलेल्या हजारो मुखपृष्ठांवर ते अनुस्वार तसेच आहेत. खुद्द ‘नांव’ या शब्दावरचे टिंब गेले आणि माणसाचे नाव नदीतल्या नावेसारखेच लिहिले जाऊ लागले. वाचणारा संदर्भाने ओळखतो. डिजिटल नोंदीत हा संदर्भ कुणीतरी बसून लिहावा लागतो.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ग्रंथालयातली नोंद हे कोणत्या प्रकारचे ज्ञान? वाचकाने पोथी पाहिलेली नसते, म्हणून ते प्रत्यक्ष नव्हे. धुरावरून अग्नी ओळखावा तसे काही त्याने ताडलेलेही नसते. दुसऱ्या कुणी सांगितले म्हणून तो मानतो. आपल्या न्यायदर्शनात याला शब्दप्रमाण म्हणतात, आणि गौतमाच्या सूत्रात ते आप्ताचा उपदेश म्हणून येते. मग आप्त कोण? वात्स्यायनाने भाष्यात दिलेले उत्तर मला फार मोलाचे वाटते. ज्याने वस्तू स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशी दुसऱ्याला सांगण्याच्या इच्छेने जो बोलतो, तो आप्त. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या तिघांना सारखेच लागू आहे, असेही तो म्हणतो. आप्तपणा जातीत नाही, पदवीत नाही, संस्थेच्या शिक्क्यातही नाही. तो जाणण्यात आणि सांगण्याच्या प्रामाणिकपणात आहे. ही कसोटी ग्रंथालयातल्या नोंदीला लावून पाहावी. ‘कर्ता: म्हाइंभट. काळ: १२७८.’ एवढेच लिहिलेल्या नोंदीत सांगणारा दिसत नाही. हे पुष्पिकेतून घेतले, की छापील आवृत्तीच्या प्रस्तावनेतून, की आधीच्या कुणाच्या यादीतून उतरवले? सांगणारा दिसत नाही म्हणून तो आप्त आहे की नाही हे तपासण्याची सोयच राहत नाही. माहिती कदाचित बरोबरही असेल, पण तिचे प्रमाणपण हरवलेले असते.

लीळाचरित्राचा इतिहास या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखा आहे. चक्रधरांनी स्वतः काही लिहिले नाही. ते निघून गेल्यावर त्यांच्या सहवासात राहिलेल्यांच्या मनात आठवणी होत्या, आणि त्या एकमेकांशी जुळत होत्याच असे नाही. म्हाइंभटाने ज्याने जे पाहिले, ऐकले, त्याच्याकडून ते घेतले आणि नागदेवाचार्यांकडून, म्हणजे भटोबासांकडून, पडताळून घेतले. पुढे यादवांचे राज्य खिलजीच्या स्वाऱ्यांनी खिळखिळे झाले, आणि त्या धामधुमीत मूळ पोथी गेली, असे परंपरा सांगते. ज्यांना ग्रंथ मुखोद्गत होता त्यांच्या स्मरणातून तो पुन्हा उभा राहिला. त्यांतली एक हिराइसा. परशरामबास, रामेश्वरबास यांचेही पाठ झाले. इथे पंथाने काय केले ते पाहावे. एक पाठ खरा ठरवून बाकीचे बुडवणे त्यांना शक्य होते, आणि धर्मग्रंथाच्या बाबतीत जगात अनेकदा तसे झालेही आहे. महानुभावांनी पाठभेद ठेवले, आणि अनेक ठिकाणी तो पाठ कुणाचा हेही ठेवले. अशा भिन्न पाठाला त्यांचा शब्द आहे ‘वासना’. अनुभवाचा मनावर उरलेला ठसा, हा त्या शब्दाचा तत्त्वज्ञानातला अर्थ. पाठभेदाला तोच शब्द वापरणाऱ्यांना पक्के ठाऊक होते की ग्रंथ आपल्यापर्यंत कुणाच्या तरी मनातून येतो, आणि त्या मनाचे नाव सांगितल्यावाचून ग्रंथ पुरता सांगितला असे होत नाही. लीळा चालू असते, प्रसंग रंगात आलेला असतो, आणि मधेच अमुकाच्या पाठात हे असे आहे म्हणून नोंद येते. भाविकाच्या वाचनात तेवढा अडथळा येतो. तो त्यांनी चालवून घेतला.

हे एका ग्रंथापुरते नव्हते. केसोबासांनी चक्रधरांची वचने लीळांतून वेगळी काढून सूत्रपाठ सिद्ध केला. वचन प्रसंगातून सुटले की त्याचा अर्थ भरकटू शकतो, हे ओळखून कोणते वचन कोणत्या प्रसंगी निघाले ते सांगणारे ‘प्रकरणवश’ तयार झाले. स्वामी कुठे बसले, कुठे निजले, त्या जागा ‘स्थानपोथी’ने दिशा देऊन टिपल्या: अमुक देवळाच्या पूर्वेला, अमुक दाराच्या उजव्या हाताला. गुरुशिष्यांच्या परंपरा अन्वयस्थळांत नोंदवल्या गेल्या. आज ज्याला मेटाडेटा म्हणतात तो या पंथाने शतकानुशतके, हाताने, भक्तीचा भाग म्हणून लिहिला. आय. एम. पी. रीसाइड या लंडनच्या अभ्यासकाने १९६० मध्ये महानुभावांच्या मराठी ग्रंथांची सूची प्रसिद्ध केली, तेव्हा त्याच्या हाताशी पंथाने स्वतःच राखलेली ही शिस्त होती. आंतरराष्ट्रीय ग्रंथालय महासंघाने १९९८ मध्ये ‘कृती’ वेगळी, तिचा ‘पाठ’ वेगळा, त्याची ‘आवृत्ती’ वेगळी आणि हातातली ‘प्रत’ वेगळी, अशी चार पायऱ्यांची मांडणी पुढे आणली. लीळाचरित्र जवळून पाहिलेल्याला ती नवी वाटणार नाही. मूळ प्रत नाहीच, पाठ अनेक, आणि तरीही कृती एक: हा अनुभव त्याला ओळखीचा असतो.

खरी कसोटी माणसांच्या नावांपाशी लागते, कारण तिथे ग्रंथालयाचा नियम आणि श्रद्धा समोरासमोर येतात. पंथाच्या श्रद्धेनुसार द्वारावतीच्या चांगदेव राऊळांनी, म्हणजे चक्रपाणींनी, देह ठेवला आणि भरूचच्या प्रधानाचा मुलगा हरपाळदेव याच्या मृत देहात प्रवेश केला. पुढे रिद्धपुरात गोविंदप्रभूंकडून त्यांना चक्रधर हे नाव मिळाले. नोंद करणाऱ्याने इथे माणसे किती धरायची? इतिहासाचा अभ्यासक दोन म्हणेल, पंथीय एक म्हणेल. चांदूर बाजार भागातले गुलाबराव महाराज घ्या. जन्म १८८१, अवघ्या ३४ वर्षांचे आयुष्य, तान्हेपणीच गेलेली दृष्टी आणि शंभराहून अधिक ग्रंथ. जन्मनाव गुलाबराव गोंदुजी मोहोड. पण ते स्वतःला ज्ञानेश्वरकन्या म्हणवत. त्यांच्या मधुराद्वैताचा तो गाभा आहे. यादीत ‘मोहोड’ हे आडनाव आधी घातले तर नियम पाळला जातो, आणि ज्या नात्याने त्यांनी लिहिले ते नाते पुसले जाते. यावलीला १९०९ मध्ये जन्मलेल्या माणिक इंगळे यांना गुरू आडकोजी महाराजांकडून तुकड्या हे नाव मिळाले आणि ग्रामगीता त्या नावाने लोकांपर्यंत गेली. इंगळे या नावाखाली ती कोण शोधणार? धवळे रचणारी महदाइसा ही महदंबाही आहे आणि रूपाइसाही. यांतले एक नाव ‘खरे’ ठरवून बाकीची ‘पाहा’ म्हणून त्याच्याकडे वळवायची, हा कार्डाच्या पेटीतला जुना रिवाज. पेटीत कार्ड एकाच जागी ठेवता येई, म्हणून तो गरजेचा होता. डिजिटल नोंदीला जागेची ती अडचण नाही. व्यक्तीला एक निरर्थक क्रमांक द्यावा, ज्यात ना मोहोड ना ज्ञानेश्वरकन्या, आणि त्याखाली सगळी नावे शेजारी शेजारी बसवावीत: हे जन्मनाव, हे स्वतः घेतलेले, हे गुरूने दिलेले, हे लोकांनी रूढ केलेले, आणि प्रत्येकापुढे त्याचा आधार. देवाची हजार नावे एका बैठकीत म्हणणाऱ्या समाजाला हे अवघड जाऊ नये. मार्क पद्धतीच्या नावांच्या नोंदीत ६७० क्रमांकाचा एक रकाना मुळी याचसाठी आहे: हे नाव कुठे सापडले ते लिहायला. मानक तयार आहे. आपल्याकडे पुष्कळदा तो रकाना कोरा राहतो.

नावापेक्षा सालाची गफलत अधिक सहज होते आणि अधिक मुकाट्याने. पुष्पिकेत शके असतो, कधी विक्रम संवत, आणि निजामाच्या अमलाखाली राहिलेल्या वऱ्हाडच्या दप्तरात फसली सन. शकात ७८ मिळवले की इसवी सन, हे शाळेत शिकवतात. पण शकाचे वर्ष चैत्रात सुरू होते, म्हणून पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंतच्या तिथींना बहुधा ७९ मिळवावे लागतात. शके १८३२च्या माघात छापलेले पुस्तक १९११चे आहे, १९१०चे नव्हे. आणि शके १२०० नुसतेच ‘१२००’ असे रकान्यात पडले, तर यंत्र लीळाचरित्राला चक्रधरांच्याही आधी नेऊन ठेवते. उपाय अवघड नाही: पोथीत जसे आहे तसे आधी उतरवावे, मग आपण केलेले रूपांतर वेगळे लिहावे, आणि ते आपण केले आहे हेही लिहावे.

या सगळ्यावर पहिला आक्षेप तत्त्वज्ञानाच्या बाजूनेच येतो. नामरूप मिथ्या मानणाऱ्या अद्वैताला नावांचा हा खटाटोप कशाला? अमृतानुभवाच्या सहाव्या प्रकरणात ज्ञानदेवांनी शब्दाचे खंडन केले आहे, स्वयंप्रकाश वस्तूला शब्दाची गरज नाही असे दाखवले आहे. पण ते प्रकरण लक्षपूर्वक वाचणाऱ्याला दिसेल की खंडनाआधी शब्दाची थोरवी गायली आहे: विसरलेल्याला आठवण करून देण्याचे काम शब्द करतो. ग्रंथालय याच कामासाठी असते. तिथे येणारा जिज्ञासू विसरलेला, न जाणणारा असतो, आणि त्याच्यापुरती शब्दाची गरज अमृतानुभवही नाकारत नाही. महानुभावांच्या दर्शनात तर ही अडचण उद्भवतच नाही. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ त्यांनी नित्य आणि परस्परांपासून वेगळे मानले. ज्याला भेद खरा वाटतो, त्याला भेद नीट सांगणे हे कर्तव्यच वाटणार.

याला जोडूनच भक्तीच्या अंगाने एक आक्षेप येतो, तो मला अधिक हळवा वाटतो. संतांना ‘मी’ विरघळवायचा होता. मग कर्ता शोधून त्याला क्रमांक चिकटवणे म्हणजे त्यांनी टाकलेला अहंकार उचलून परत त्यांच्या माथी मारणे नव्हे का? विष्णुदास नाम्याने ‘नामा’ ही मुद्रा घेतली ती नामदेवांत मिसळून जाण्यासाठी असे मानले, तर दोघांचे अभंग वेगळे करणारे आपण कोण? या आक्षेपात तथ्य आहे, आणि म्हणूनच नोंदीने निवाडा देऊ नये असे मी म्हणतो. तिने लिहावे: मुद्रा ‘नामा’, अमुक गाथेत नामदेवांच्या नावावर, अमुक संशोधकाच्या मते विष्णुदास नाम्याचा. एवढ्याने कुणाची भक्ती उणी होत नाही. आणि हेही लक्षात घ्यावे की अहंकार टाकणाऱ्या संतांनी मुद्रा मात्र टाकली नाही. शेवटच्या चरणात नाव येते ते मिरवण्यासाठी नाही. मी हे म्हणतो, याची जबाबदारी माझी, असे ते सांगणे आहे.

तिसरा आक्षेप परक्या साच्याचा. तो मी सर्वांत गंभीर मानतो. ड्यूईच्या दशांश वर्गीकरणात धर्माला २०० पासूनचे आकडे दिले, त्यांतला बहुतेक पैस ख्रिस्ती धर्माने व्यापला, आणि जगातले उरलेले धर्म २९०च्या घरात दाटीवाटीने बसले. हिंदू धर्म २९४.५. रंगनाथन यांना १९३३ मध्ये स्वतःचे द्विबिंदू वर्गीकरण मांडावेसे वाटले, त्यामागे अशा साच्यांचा अपुरेपणाही होता. महानुभावांच्या बाबतीत जखम आणखी खोल आहे. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ मध्ये मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर ग्रंथ काढला, त्यात हा पंथ ‘मानभाव’ म्हणून येतो. हे नाव इंग्रजांनी घडवले नाही, ते इथल्याच समाजाच्या तोंडी होते. आजही ‘मानभावी’ म्हणजे वरून गोड आणि आतून कपटी, असा शब्द मराठीत सर्रास चालतो. एका पंथाची हेटाळणी आपल्या भाषेत विशेषण होऊन बसली आहे. पंजाबात हेच लोक जयकृष्णी, गुजरातेत अच्युत पंथी. आता जुन्या याद्यांमधून ‘मानभाव’ हा विषयशब्द नव्या डिजिटल संग्रहात जसाच्या तसा उतरला तर तो अन्याय पुढच्या शतकात जाईल. अजिबात पुसला तर जुने दस्तऐवज सापडणार नाहीत, आणि अन्याय झाला होता याचा पुरावाही जाईल. म्हणून शीर्षस्थानी पंथाने स्वतःला दिलेले नाव ‘महानुभाव’, आणि खाली ‘मानभाव’: कुणी वापरले, केव्हा, आणि ते हीनार्थी आहे या खुणेसह. बाहेरच्या साच्याशी वैर धरून आपला वेगळा कप्पा केला तर आपल्या पोथ्या जगाला दिसणार नाहीत, साचा निमूट स्वीकारला तर त्या विद्रूप दिसतील. साक्षीदार लिहिण्याची अट घातली की साचा कुणाचा आहे ते निदान उघड राहते. नोंदीची भाषा हाही याच आक्षेपाचा भाग. केसोबास संस्कृतात लिहू लागले तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना अडवले, पंथातल्या साध्या म्हाताऱ्या बायकांना त्याने वंचित व्हावे लागेल म्हणून. ही आठवण ‘स्मृतिस्थळ’ या ग्रंथात आहे. मराठी पोथीची नोंद आधी मराठीत, देवनागरीत असावी आणि रोमन लिप्यंतर मागाहून यावे, याला यापेक्षा जुना आधार मला ठाऊक नाही.

पोथी ही पूजेची वस्तू आहे, तिची यादी करून ती बाजारात मांडू नये, असेही म्हटले जाते. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत राखले. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे, भावे यांच्या काळात त्या बाहेरच्या अभ्यासकांना उलगडल्या. कोलते यांनी संपादित केलेले लीळाचरित्र १९७८ मध्ये साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केले, तेव्हा त्यातल्या काही मजकुरावर पंथीयांनी तीव्र आक्षेप घेतला. ही वेदना मी खोटी मानत नाही. पण पोथी आहे हे सांगणे आणि पोथी उघडून दाखवणे ही दोन कामे आहेत, आणि चांगले मानक ती वेगळी ठेवते. अमुक मठात अमुक ग्रंथाची प्रत आहे, ती पाहण्यासाठी महंतांची अनुमती लागते, एवढे नोंदीत असले तरी अभ्यासकाचे पुष्कळ काम होते. परदेशांतल्या आदिवासी समूहांच्या संग्रहांसाठी अशी अटींची लेबले आता वापरात आली आहेत, आणि अट काय असावी हे तिथे वस्तूचा वारसदार समाज ठरवतो. तरीही एखाद्या मठाने आमच्याकडे काय आहे हेही सांगणार नाही असे म्हटले, तर त्याचे म्हणणे मान्य करावे लागेल. सगळेच उघड झाले पाहिजे, असा धर्म मी मानत नाही.

आणि यंत्रे? आता यंत्र सगळा मजकूर वाचते, नोंदीही आपणच तयार करते, मग माणसाने हे रकाने भरत का बसायचे? छापील देवनागरी यंत्र बऱ्यापैकी वाचते हे खरे. मोडीत ते अडखळते, सकळ लिपीत तर पुरतेच चाचपडते. पण त्याची वाचण्याची ताकद वाढेल, म्हणून माझी हरकत त्यावर नाही. यंत्राने सुचवलेले नाव वात्स्यायनाच्या कसोटीवर उभे राहत नाही, कारण त्याने वस्तू जाणलेली नसते. पूर्वी अनेकांनी जे लिहिले त्यावरून ते संभव सांगते. संभव उपयोगी असतो. पण तो संभव म्हणून लिहिला गेला पाहिजे, ‘यंत्राने सुचवले, अमुकाने पोथी पाहून तपासले’ असा. तपासणारे नाव नसेल तर ती सूचना सूचनाच राहावी. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये सांगितलेल्या पाच सूत्रांपैकी एक वाचकाचा वेळ वाचवण्याबद्दल आहे. चुकीच्या पोथीपर्यंत पटकन पोहोचवणारी नोंद तो वेळ वाचवत नाही.

शेवटी मनुष्यबळाचा प्रश्न राहतो, आणि त्याला माझ्याकडे तात्त्विक उत्तर नाही. गावोगावची सार्वजनिक ग्रंथालये तुटपुंज्या अनुदानावर चालतात. तिथे एका माणसाकडे किल्ल्याही असतात, वर्गणीचे पुस्तकही आणि झाडूही. त्याने ६७० क्रमांकाचा रकाना भरावा हे सांगणे सोपे आहे. म्हणून मागणी थोडी हवी. पोथीवर जे लिहिले आहे ते तसेच उतरवणे, आपण काय जोडले ते वेगळे ठेवणे आणि खाली आपले नाव घालणे, एवढे त्याच्याकडून मागता येईल. नावे जुळवणे, क्रमांक देणे, शक-संवतांची रूपांतरे पाहणे हे जड काम कुठेतरी मध्यवर्ती ठिकाणी व्हायला हवे. राज्याचे मराठी भाषा विद्यापीठ रिद्धपुरातच उभे राहिले आहे, २०२४ पासून. मराठी नावांची आणि कृतींची अशी साक्षीसह यादी जिथे तयार व्हावी ती जागा दुसरी कोणती असणार?

आणि पुष्पिकेत नुसते ‘नांदगाव’ लिहिलेल्या त्या पोथीपुढे बसलेल्या माणसाने स्थळाच्या रकान्यात ‘नांदगाव’ एवढेच लिहावे. लेखनिकाच्या नावावरून, कागदावरून, पोथी ज्या घरातून आली त्यावरून त्याला ते नांदगाव पेठ वाटत असेल, तर ‘पेठ’ हा शब्द त्याने खालच्या ओळीत लिहावा, आपल्याला तसे का वाटते ते दोन वाक्यांत सांगावे, आणि पुढे आपले नाव आणि आजची तारीख घालावी. उद्या खंडेश्वरकडचा कुणी ती नोंद उघडून त्याखाली आपले म्हणणे लिहील.